खुर्चीवरचें शरसंधान



“गुडघ्याचें आणि धनुष्याचें नातें तें काय?” हा प्रश्न गेल्या वर्षभरांत मला इतक्या मंडळींनीं विचारला आहे कीं, तो तुमच्याहि मनांत आला असेल असें धरूनच मी आज बोलावयास बसलों आहें. माझ्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली हें ऐकून लोक हळहळत, आणि लगेच पुढच्या वाक्यांत म्हणत, “पण तुमचा छंद हातांचा नि डोळ्यांचा. त्यांत पायांचें काय अडतें?” खरें सांगावयाचें तर, एकवीस वर्षें वेळूचें धनुष्य हाताळूनहि माझी स्वतःची समजूत याहून फारशी निराळी नव्हती. बाण हातांतून सुटतो, पण तो पायांच्या भरंवशावर सुटतो, हें पाय अंथरुणाला खिळल्यावर मला कळलें.

गुडघा दुखावला तोहि बाण सोडतांना नव्हे, बाण शोधतांना. आम्ही दहाबारा जण दर रविवारीं सकाळीं उपनगरांतल्या एका शाळेच्या मैदानावर सरावासाठीं जमतों. पावसाळा नुकताच सरला होता आणि गवत पोटरीपर्यंत वाढलें होतें. माझा एक बाण लक्ष्याच्या खालून निसटून त्या गवतांत शिरला. मी उकिडवा बसलों, हातानें गवत चांचपलें, आणि बाण मागच्या बाजूस दिसतांच पाऊल न उचलतां बसल्या बसल्याच वळलों. गुडघ्यांत कांहीं तरी कट्‌कन् वाजलें. बाण हातीं आला. पाय मात्र सरळ होईना.

मी चिंचपोकळीस रहातों, आणि तेंहि चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. आमच्या बाजूची वस्ती ज्यांना ठाऊक आहे त्यांना यापुढें अधिक सांगावयास नको. स्टेशनचा जिना, पूल, पुलाचा उतार, रस्त्यावरची गर्दी, आणि शेवटीं चाळीचा अरुंद लांकडी जिना. हा जिना मीं जन्मभर चढलों, पण पायऱ्या कधीं मोजल्या नव्हत्या. त्या रविवारीं दोघां मित्रांच्या खांद्यांवर हात टाकून चढतांना त्या मोजल्या गेल्या. अठ्ठेचाळीस भरल्या. माझें धनुष्य एकानें माझ्यामागून आणलें. एरवीं तें कापडी पिशवींत घालून मी लोकलमध्यें शिरलों कीं कोणी तरी विचारीच, “पडद्याची दांडी का हो?” तीरकामठा आहे असें सांगितलें कीं प्रथम हसूं, आणि मग, “म्हणजे रामायणांतला?”

वास्तविक आमच्या या शहराला धनुष्य परकें नाहीं. वाळकेश्वरचें बाणगंगा तळें रामाच्या बाणानें फुटलेल्या झऱ्याचें, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतों. बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर लढाईच्या देखाव्यांत धनुर्धर कोरलेले आहेत. सारी कोंकणपट्टीच परशुरामानें बाण सोडून समुद्राकडून मागून घेतली, आणि तो बाण जेथें पडला ती गोव्यांतली बाणावली, असें सांगतात. डहाणू-जव्हारकडील वारल्यांच्या आणि सातपुड्यांतल्या भिल्लांच्या घरीं तर तीरकामठा ही पोथींतली वस्तु नव्हती, ती रोजच्या कामाची होती. अलीकडे साताऱ्याच्या आदिती स्वामीनें आणि नागपूरच्या ओजस देवतळ्यानें २०२३ सालीं बर्लिन येथें जागतिक अजिंक्यपदें मिळविल्यापासून लोकलमधले प्रश्नहि जरा आदरानें येऊं लागले आहेत. त्यांचीं धनुष्यें मात्र चाकें बसविलेलीं, यांत्रिक असतात. आमचें वेळूचें असतें; त्याला नेम धरण्याची दुर्बीण नाहीं, भार हलका करणारें चाक नाहीं. भारतीय फेरी या नांवानें ज्या स्पर्धा होतात त्यांत हेंच साधें धनुष्य घेऊन ३० आणि ५० मीटरांवर बाण टाकतात.

डॉक्टरांनीं कागदावर गुडघ्याची आकृति काढून दाखविली. मांडीचें हाड वर, नडगीचें खालीं, आणि मध्यें गादीसारख्या दोन कूर्चा. “अर्धचंद्राच्या आकाराच्या असतात,” ते म्हणाले, “त्यांतली आंतल्या बाजूची फाटली आहे.” मला त्या स्थितींतहि हसूं आवरेना. आमच्या धनुर्वेदांत बाणांच्या फाळांचीं जीं नांवें येतात – आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, सूचीमुख, भल्ल – त्यांत अर्धचंद्र हेंहि एक आहे. इतकीं वर्षें मी तो अर्धचंद्र पोथींत वाचीत होतों. एक माझ्या गुडघ्यांतहि आहे याचा पत्ता नव्हता, आणि पत्ता लागला तो त्यानें मला मैदानावरून अर्धचंद्र दिल्यावर!

शस्त्रक्रिया दुर्बिणीची होती. दोन लहान छिद्रें, एकांतून नळी, दुसऱ्यांतून हत्यार. या विद्येचा आरंभ जपानांत झाला. टोकियोच्या केंजी ताकागी यांनीं १९१८ सालीं मूत्राशय पहाण्याची नळी एका मृतदेहाच्या गुडघ्यांत घालून सांध्याचा आंतला भाग पाहिला, आणि त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनीं १९६२ सालीं अशाच नळीच्या साह्यानें फाटलेल्या कूर्चेचा तुकडा प्रथम काढला. माझ्या बाबतींत तुकडा काढावयाचा नव्हता, फाटलेलें शिवावयाचें होतें. शिवलें तर गादी वांचते आणि सांधा पुढें झिजण्याचें भय कमी होतें. पण कूर्चेच्या आंतल्या भागाला रक्ताचा पुरवठा जवळ जवळ नसल्यामुळें ती सावकाश भरते. म्हणून सहा आठवडे कुबड्या, गुडघा काटकोनापलीकडे वाकवावयाचा नाहीं, आणि मांडी घालणें, उकिडवें बसणें चार महिने वर्ज्य. “आणि धनुष्य?” मीं विचारलें. डॉक्टर म्हणाले, “आधीं जिना.”

पहिल्या पंधरवड्यांत माझी मनःस्थिति कशी होती तें मोकळेपणानें सांगितलें पाहिजे, कारण ज्यांच्यासाठीं मी हें बोलत आहें ते तेथेंच कोठें तरी अडकलेले असतील. खाटेसमोरच्या भिंतीवर धनुष्य दोरी उतरवून टांगलेलें होतें. घरची मंडळी म्हणाली, “अहो, हें माळ्यावर टाकूं का? सारखें डोळ्यांपुढें असलें म्हणजे जिवाला लागून रहातें.” मी “टाक” म्हणणार होतों. शब्द ओठांवर आला होता. पण त्याच वेळीं मला माझा तबला आठवला. तरुणपणीं मी चार वर्षें तबला शिकलों. नोकरी लागली, बदलीचें गांव निघालें, तेव्हां “सहा महिने बंद ठेवूं” म्हणून जोडी गवसणींत घालून माळ्यावर टाकली. त्या सहा महिन्यांना आज तीस वर्षें झालीं. मीं तबला सोडला असें मीं कधींच ठरविलें नव्हतें. छंद असेच जातात. त्यांना कोणी निरोप देत नाहीं, ते फक्त माळ्यावर जातात. आणि तीस वर्षांपूर्वीं माझ्यापाशीं दुसरें कांहीं शिकावयास वय होतें. आतां चोपन्नाव्या वर्षीं तेंहि नव्हतें. मी म्हणालों, “राहूं दे तेथेंच.”

अंथरुणावर पडून रहाणाऱ्या धनुर्धराला भीष्माची आठवण न झाली तरच नवल. शरशय्येवर तो अठ्ठावन्न रात्री होता. मला बेचाळीसच काढावयाच्या होत्या. थट्टा सोडली तरी त्या कथेंतली एक गोष्ट मला पूर्वीं कधीं जाणवली नव्हती. भीष्माच्या हातून धनुष्य सुटलें, पण धनुर्विद्येशीं त्याचा संबंध सुटला नाहीं. उशी हवी झाली तेव्हां त्यानें ती मागितली बाणांची, आणि ती अर्जुनानें द्यावी म्हणून. पाणीहि त्यानें बाणानेंच मागितलें. शेवटपर्यंत तो अर्जुनाकडून विद्येचा हिशेब घेत होता. मग मीं स्वतःला विचारलें: बाण सोडणें वजा केलें तर या विद्येंत शिल्लक काय उरतें?

पुष्कळच उरतें, असें कळून आलें. माझ्या भात्यांत चाळीस बाण होते; त्यांतल्या निम्म्यांचीं पिसें झडलेलीं, कांहींच्या खांचा चिरलेल्या. एकवीस वर्षें मी मोडका बाण बाजूस ठेवून चांगला उचलीत आलों होतों. आतां रोज सकाळीं पाय उशीवर ठेवून मी एकेक बाण घेऊं लागलों. दांडा डोळ्यांसमोर धरून फिरवावा, बांक कोठें आहे तें पहावें, किंचित् ऊब देऊन तो काढावा, जुनें पीस खरवडून नवें चिकटवावें. तिन्ही पिसें एकाच पंखाचीं, उजव्या तरी नाहींतर डाव्या; मिसळलीं तर बाण हवेंत भांबावतो. एका दिवसांत दोन बाण झाले तरी पुष्कळ.

दोरीचें काम मला येत नव्हतें. तें मला शेजारच्या दादांनीं शिकविलें. दादा आमच्या बाजूच्या एका गिरणींत साचे चालवीत. १९८२ च्या संपांत जे बाहेर पडले ते पुन्हां आंत गेले नाहींत, आणि ती गिरणीहि आतां राहिली नाहीं. त्यांचीं बोटें मात्र सूत विसरलीं नव्हतीं. मीं धनुष्याची दोरी दाखवितांच त्यांनीं ती दोन बोटांत धरून एकदां ताणली आणि म्हणाले, “सगळे पदर सारखे ताणलेले नाहींत. हे दोघे-तिघेच ओझें ओढतात, बाकीचे नुसते बरोबर चालतात.” दोन खिळ्यांभोंवतीं धागा फिरवून त्यांनीं नवी दोरी घातली, बाणाची खांच जेथें बसते तेथें गुंडाळी इतकी सफाईनें केली कीं तशी विकत मिळणार नाहीं. चाळीस वर्षांनंतर आपलें कसब कोणाच्या तरी उपयोगीं पडतें आहे हें पाहून ते रोज दुपारीं येऊन बसूं लागले. माझा पाय बरा होत होता. दादांचें काय बरें होत होतें तें मीं विचारलें नाहीं.

तिसरें काम वहीचें. मी दर रविवारचे गुण लिहून ठेवतों, पण लिहिलेलें वाचण्याची संवय नव्हती. आतां वेळ होता म्हणून मागच्या दोन वर्षांचीं पानें उलटलीं. आमच्याकडे तीन तीन बाणांच्या बारा पाळ्या होतात. पहिल्या आठ पाळ्यांचे गुण वर्षानुवर्षें तेच होते. शेवटच्या चार पाळ्यांत मात्र वर्ष-दीड वर्षापासून बाण खालीं जाऊं लागले होते. त्या त्या रविवारीं मीं समासांत कारणेंहि लिहिलीं होतीं: वारा, ऊन, जुनी दोरी, चष्म्याचा नंबर. गुडघा हें कारण एकदांहि नव्हतें. उजवा पाय थकला कीं मी सगळा भार डाव्यावर टाकीत असलों पाहिजे, कंबर कलत असली पाहिजे, आणि बाण खालीं. गवतांतला तो ‘कट्’ आवाज शेवटचा होता. गुडघा वर्षभर तक्रार करीत होता आणि मी ती माझ्याच अक्षरांत लिहून घेऊन वाऱ्याच्या नांवावर टाकीत होतों.

इतकें कळल्यावर मी शहाणा झालों असें तुम्हांला वाटेल. झालों नाहीं. पांचव्या आठवड्यांत, एका दुपारीं घरांत कोणी नसतांना, दादांनीं केलेली नवी दोरी चढवून पहाण्याचा मोह मला आवरला नाहीं. वेळूचें धनुष्य चढविण्याची आमची जुनी रीत अशी कीं, खालचें टोंक पावलापाशीं अडकवावयाचें, मध्यावर गुडघा रेटावयाचा आणि वरचें टोंक हातानें वांकवून दोरीचा फांस खांचेंत सरकवावयाचा. मीं चांगला गुडघा धनुष्याला लावला, म्हणजे उभा राहिलों तो शिवलेल्या गुडघ्यावर, आणि वर पीळ देऊन. दोरी चढली. संध्याकाळपर्यंत गुडघा कोहळ्याएवढा सुजला.

दैवानें टांके शाबूत होते. पण तीन आठवडे मागें गेलों. डॉक्टर रागावले नाहींत, याचीच मला अधिक लाज वाटली. त्यांनीं शांतपणें समजावून दिलें. सांध्यांत पाणी सांचलें कीं मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूला आंतून मनाई होते. तुम्ही मनानें कितीहि हुकूम सोडा, तो सैलच रहातो आणि दिवसेंदिवस रोडावतो. व्यायाम देणाऱ्या बाईंनीं फीत लावून दाखविलें. दोन मांड्यांच्या घेरांत दोन बोटांचें अंतर पडलें होतें. त्यांनीं दिलेला व्यायाम दिसावयास अगदीं क्षुल्लक होता: गुडघ्याखालीं टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खालीं दाबावयाची, दहा अंक मोजावयाचे, आणि सावकाश सोडावयाचें. पूर्ण ओढलेली दोरी कानापाशीं धरून श्वास स्थिर होईपर्यंत थांबणें आणि हें, यांत मला फरक दिसेना. मी टॉवेल दाबतांना भिंतीवरच्या धनुष्याकडे पाही. दिवसांत शंभर वेळां. तोच माझा सराव.

नवव्या आठवड्यांत मी टॅक्सी करून पुन्हां मैदानावर गेलों, तें बाण सोडावयास नव्हे. माझ्यासाठीं एक लोखंडी खुर्ची आणून ठेवली होती. मी गुण लिहिणारा झालों. आणि येथें मला एक नवीच गोष्ट दिसली. शिकविणारा नेहमीं उभा असतो, आणि उभ्या माणसाची नजर उभ्या माणसाच्या हातांकडे, हनुवटीकडे, बाणाच्या टोंकाकडे जाते. खुर्चीवर बसल्यावर माझे डोळे लोकांच्या कंबरेच्या पातळीवर आले. एकवीस वर्षांत प्रथमच मीं आमच्या मंडळींचे पाय पाहिले. कोणी टांचेवर, कोणी चवड्यावर; कोणी दोरी ओढतांना पुढचें पाऊल नकळत फिरवितो; कोणाचा मागचा पाय श्वासाबरोबर हलतो.

आमच्याच चाळींतली एक बारा वर्षांची मुलगी त्या वर्षीं शिकावयास येऊं लागली होती. तिचे बाण उजवी-डावीकडे पसरत आणि आम्हीं सर्वांनीं तिचा हात, तिचें मनगट, तिची दोरी यांची तपासणी करून दमलों होतों. खुर्चीवरून पहातांना दिसलें कीं, ती दोन्ही गुडघे मागें रेटून, अगदीं काठ्यांसारखे ताठ करून उभी रहाते. ताठ काठी वाऱ्यानें हलते. मीं तिला म्हटलें, “गुडघे कुलुपासारखे लावूं नकोस, किंचित् सैल ठेव.” दोन रविवारांत तिचे बाण एकत्र आले. ती मला म्हणाली, “काका, तुम्हांला हें आधीं का नाहीं दिसलें?” मी काय उत्तर देणार? आधीं मी उभा होतों.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस डॉक्टरांनीं बसून बाण सोडण्यास परवानगी दिली. पण बसून सोडावयाचा म्हणजे माझें पुरुषभर उंचीचें धनुष्य निरुपयोगी. खालचें टोंक जमिनीला लागे. मग त्या मुलीचें अठरा पौंडांचें आंखूड धनुष्य मागून घेतलें. बिनहाताची खुर्ची लक्ष्याकडे आडवी ठेवली, दोन्ही पावलें जमिनीवर सपाट टेकविलीं, आणि पांच मीटरांवर पेंढ्याच्या गठ्ठ्यावर, कागद न लावतां, मीं बाण सोडला. कागद नाहीं म्हणजे गुण नाहींत, आणि गुण नाहींत म्हणजे आशा-निराशा नाहीं. फक्त खांदे, पाठ आणि श्वास. बसल्यावर कंबरेची लबाडी चालत नाहीं. ओढ दंडानें होत आहे कीं पाठीच्या फळ्यांनीं, हें लगेच कळतें. माझी ओढ एकवीस वर्षें बरीचशी दंडाची होती, हें मला एका बारा वर्षांच्या मुलीच्या धनुष्यानें सांगितलें.

बसून बाण सोडणें ही कांहीं पळवाट नव्हे. वसिष्ठाच्या नांवावर चालत आलेल्या धनुर्वेदसंहितेंत धनुर्धराच्या पवित्र्यांचे आठ प्रकार दिले आहेत: आलीढ, प्रत्यालीढ, विशाख, समपाद, असमपाद, दर्दुरक्रम, गरुडक्रम आणि शेवटचें पद्मासन. म्हणजे आपल्या पूर्वसूरींनीं बसलेल्याला रांगेबाहेर काढलें नव्हतें. मला पद्मासनाचीच बंदी होती ही गोष्ट वेगळी. मीं खुर्ची हा नववा प्रकार मानला. जपानांत क्योटो येथें सांजूसांगेन्दो नांवाचें एक लांबलचक मंदिर आहे. त्याच्या ओसरींत धनुर्धर बसून या टोंकापासून त्या टोंकापर्यंत बाण सोडीत. १६८६ सालीं वासा दाइहाचिरो यानें तेथें एका अहोरात्रांत तेरा हजारांवर बाण सोडले आणि त्यांतले ८,१३३ पार गेले, अशी नोंद आहे.

आणि अगदीं अलीकडची गोष्ट पहा. २९ जुलै १९४८ रोजीं लंडनमध्यें ऑलिंपिक सामन्यांचें उद्घाटन होत होतें. त्याच दिवशीं स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयाच्या हिरवळीवर लुडविग गुटमन या डॉक्टरांनीं एक लहानशी स्पर्धा भरविली. महायुद्धांत पाठीच्या कण्याला इजा होऊन खुर्चीला जखडलेले सोळा माजी सैनिक, त्यांत दोन स्त्रिया. आणि खेळ निवडला तो धनुर्विद्येचा. आज ज्यांना पॅरालिंपिक म्हणतात त्या सामन्यांचें बीज तें. १९८४ सालीं लॉस एंजेलिसला न्यूझीलंडच्या नेरोली फेअरहॉल चाकांच्या खुर्चींतून ऑलिंपिकच्याच स्पर्धेंत उतरल्या, उभ्या राहिलेल्यांच्या बरोबरीनें. २०२४ सालीं पॅरिस येथें हरियाणाच्या हरविंदर सिंग यांनीं, लहानपणापासून अधू असलेल्या पायांनिशीं, सुवर्णपदक मिळविलें; आणि त्याच सामन्यांत खुर्चीवर बसणारे राकेश कुमार आणि जन्मतः दोन्ही हात नसलेली, पायानें धनुष्य धरणारी शीतल देवी यांच्या जोडीला कांस्यपदक मिळालें. या मंडळींच्या पंक्तीला मी माझा शिवलेला गुडघा नेऊन बसवीत नाहीं. माझें दुखणें चार-सहा महिन्यांचें होतें. सांगावयाचें तें एवढेंच कीं, धनुष्याच्या रेषेवर खुर्ची ठेवावयास जागा आहे, आणि ती आधींच कोणी तरी करून ठेवली आहे.

आतां ज्यांना माझ्याच वाटेनें जावयाचें असेल त्यांच्यासाठीं अनुभवाचे चार शब्द. पहिली गोष्ट, गुडघ्याला भय बाण सोडण्याचें थोडें, भोंवतालच्या कामांचें फार. बारा पाळ्यांचा हिशेब करा: ५० मीटर जावयाचें, ५० मीटर परत यावयाचें, म्हणजे खडबडीत जमिनीवर १,२०० मीटरांची चाल झाली. शिवाय रुतलेला बाण उपटतांना बसणारा हिसका, आणि गवतांतला शोध. तेव्हां बाण दुसऱ्याला आणूं द्या. त्यांत कमीपणा नाहीं. दुसरी, दोरी गुडघ्यानें चढवूं नका. दोन्ही टोंकांत अडकविण्याची वेगळी दोरी मिळते, नाहींतर मित्र असतोच. तिसरी, आपल्या नेहमींच्या धनुष्याचा हट्ट धरूं नका. निम्म्या ओढीचें घ्या. चौथी, चाळीच्या गॅलरींत बाण सोडूं नका, आणि बाणावांचून ओढलेली दोरी मोकळी सोडूं नका. पहिल्यानें माणूस जाईल, दुसऱ्यानें धनुष्य. घरीं रबरी पट्टी ओढावी, तीहि हळूं हळूंच परत न्यावी. आणि पांचवी, सर्वांत कठीण: डॉक्टर “नको” म्हणतील त्या दिवशीं वही उघडा, पिसें चिकटवा, दुसऱ्याचे पाय पहा. संबंध तुटूं देऊं नका.

शेवटीं तुम्ही विचाराल, मग आतां काय? उभा राहतों. सहाव्या महिन्यापासून ३० मीटरांवर उभें राहून बाण सोडतों. बारा बाण उभ्यानें, नंतर बारा खुर्चीवरून, आणि शेवटचे बारा गुडघा सांगेल तसे. पन्नास मीटर पुन्हां जमेल कीं नाहीं, सांगतां येत नाहीं. डॉक्टरांना विचारलें तर ते हसून जिन्याची चौकशी करतात. जिना जमतो. अठ्ठेचाळीस पायऱ्या, कठड्याला हात न लावतां, मात्र उतरतांना अजून जरा जपून.

मागच्या रविवारीं त्या मुलीचे गुण माझ्यापेक्षां सातांनीं अधिक झाले. तिच्या धनुष्याला दादांनीं घातलेली दोरी आहे. माझे बाण तीच वेंचून आणते, एकेक मोजून माझ्या हातांत देते आणि दर वेळीं सांगते, “काका, सगळे आहेत.” धनुष्य अजून त्याच खिळ्याला टांगलेलें असतें. माळ्यावर तबला आहे. परवां मीं तो खालीं काढावयास सांगितला.